फिझ नेमका कोणाचा मुलगा? डिकन्सच्या चित्रकाराचं घराणं आणि तुमच्या हातातली चित्रं

प्रश्न असा आहे: जुन्या पुस्तकांच्या दुकानात डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरीची चामडी पुठ्ठ्याची प्रत मिळाली, आत चाळीसएक चित्रं आहेत, शीर्षकपानावर चित्रकार म्हणून एच. के. ब्राउन हे नाव आहे. शोध घेतल्यावर कळलं की यालाच ‘फिझ’ म्हणत आणि तो नेपोलियनच्या सैन्यातल्या एका कप्तानाचा अनौरस मुलगा होता. हे खरं का, त्याच्या घराण्याची हकिकत काय, आणि ही चित्रं अस्सल आहेत का?

आधी थोडक्यात सांगतो. कप्तानाची गोष्ट बहुधा खरी आहे. कोर्टात टिकेल असा कागद नाही, पण उपलब्ध माहिती दुसऱ्या कुठल्याही खुलाशात इतकी नीट बसत नाही. मी छापाचित्रण शिकवतो आणि एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून छापणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे फिझची ओळख मला आधी पत्र्यावरच्या रेषांतून झाली, त्याच्या घराण्यात मी नंतर शिरलो.

हॅब्लो नाइट ब्राउन १८१५ साली लंडनच्या दक्षिणेला लॅम्बेथमध्ये जन्मला. नोंदीप्रमाणे वडील विल्यम लोडर ब्राउन, आई कॅथरीन, आणि पंधरा भावंडांत हा चौदावा. घराणं फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्या ह्युगनॉ प्रॉटेस्टंटांचं, असं सांगितलं जाई. घोळ जन्मतारखेपासूनच सुरू होतो. जुने कोश १५ जून देतात, अलीकडचं लेखन जुलै महिना देतं. एरवी अशा फरकाकडे मी दुर्लक्ष केलं असतं, पण वॉटर्लूची लढाई झाली १८ जूनला, आणि या मुलाचं नाव त्या लढाईशी बांधलेलं आहे.

लॅम्बेथमधल्या इंग्रज घरात ‘हॅब्लो’ हे नाव आलं कुठून? घरात चालत आलेली गोष्ट अशी की थोरली बहीण केट हिचं लग्न नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डमधल्या कॅप्टन निकोलस हॅब्लोशी ठरलं होतं, तो वॉटर्लूवर पडला, आणि त्याची आठवण म्हणून नव्या बाळाला ते नाव दिलं. एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रकारांनी हे जसंच्या तसं छापलं. पुढे फिझची खापरपणती व्हॅलरी ब्राउन लेस्टर हिने २००४ साली त्याचं चरित्र लिहिलं आणि सरळ सांगितलं की केट ही बहीण नव्हे, आई होती. कप्तान बाप होता. आजी-आजोबांनी नातवाला मुलगा म्हणून पदरात घेतलं.

मला हे का पटतं ते सांगतो. नेपोलियन एप्रिल १८१४ मध्ये पायउतार झाला आणि मार्च १८१५ मध्ये पॅरिसला परतला. मधल्या त्या वर्षभरात इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शांतता होती आणि इतकी वर्षं बंद असलेली खाडीपलीकडची वाट उघडली होती. जन्म जुलैतला धरा की जूनमधला, नऊ महिने मागे गेलं की आपण १८१४ च्या शरदात येतो, म्हणजे त्या शांततेच्या अगदी मधोमध. तारीख आणखी वर्षभर मागे असती तर इंग्रज मुलगी आणि फ्रेंच कप्तान यांची गाठ पडणं अवघड होतं.

‘चौदावा’ हा आकडाही बोलका आहे. याच्यामागून पंधरावं मूल झालं, म्हणजे कॅथरीनबाईंची बाळंतपणं अजून संपली नव्हती. शेजारपाजारच्यांना संशय यायचं कारणच नव्हतं. पाळणा थांबून बरीच वर्षं झालेल्या घरात अचानक बाळ आलं असतं तर कुजबुज झाली असती, इथे एक आणखी.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप म्हणून दोघांची नावं आहेत त्याचं काय, असं कुणी विचारेल. वंशावळीचं काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं की अशा नोंदीत घरच्यांनी सांगितलेलं लिहिलं जातं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही हेच लागू आहे. वही खोटी नसते, पण सांगणाऱ्याने काय सांगितलं तेवढंच ती जपते. अविवाहित मुलीच्या, त्यातून शत्रूच्या सैनिकापासून झालेल्या मुलाचं काय करायचं, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय घराने असंच सोडवलं असतं. नाव मात्र ठेवलं. मला तिथे केटचा हट्ट दिसतो, पण तो माझा तर्क.

या घराची दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा विलक्षण आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. फिझ सात वर्षांचा असताना विल्यम लोडर ब्राउन अफरातफरीचा पैसा घेऊन अमेरिकेला पळाला. बायकोने पुढे त्याला मृत जाहीर केलं. तो मात्र फिलाडेल्फियात विल्यम ब्रेटन या नावाने व्यवस्थित जगत होता, आणि काय करत होता तर जलरंगात चित्रं काढत होता! फिलाडेल्फियाच्या जुन्या इमारतींची त्याची चित्रं आजही त्या शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या कामी येतात. १८३० साली वॉटसनने त्या शहराची जी बखर प्रसिद्ध केली तिच्यातल्या शिळाछापाच्या चित्रांवर ब्रेटनचं नाव आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्याला मुलगा म्हणून वाढवलं तो पुस्तकांचा चित्रकार झाला, आणि समुद्रापलीकडे पळालेला ‘बाप’ही पुस्तकांचा चित्रकार झाला. ब्रेटन १८५५ साली वारला. मार्च १८४२ मध्ये डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यात फिलाडेल्फियाला उतरला होता. त्याच्या चित्रकाराचा मेलेला म्हणून नोंदलेला बाप तेव्हा हयात होता.

डिकन्सचा बाप कर्जापायी १८२४ साली मार्शलसीच्या तुरुंगात गेला होता आणि बारा वर्षांचा डिकन्स बुटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावत होता. ही गोष्ट त्याने जन्मभर लपवली. त्याचा मित्र फोर्स्टर याने त्याच्या मृत्यूनंतर चरित्र लिहिलं तेव्हा कुठे जगाला कळलं. पैशापायी बाप गमावलेली आणि त्याबद्दल अवाक्षर न काढणारी अशी ही दोन मुलं पुढे तेवीस वर्षं एकत्र काम करत राहिली. ‘लिटल डॉरिट’मधला मार्शलसी फिझनेच चितारला.

बाप गेल्यावर घर सावरलं ते नातेवाइकांनी. बहीण लुसिंडा हिचा नवरा एल्हॅनन बिकनेल हा देवमाशाच्या तेलाचा गडगंज व्यापारी होता. हर्न हिलच्या त्याच्या घरात टर्नर या नामवंत चित्रकाराची चित्रं लागलेली असत. मुलाचा हात त्याने ओळखला, आणि पोरगा विल्यम फिंडनच्या पोलादकोरणीच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. तिथलं काम म्हणजे दुसऱ्यांच्या चित्रांवरून महिनोन्‌महिने बारीक रेघा मारणं. त्याला ते रुचलं नाही. पण विनोदी कवितेतल्या ‘जॉन गिल्पिन’च्या घोडदौडीवरच्या एका एचिंगला १८३३ साली सोसायटी ऑफ आर्ट्सचं बक्षीस मिळालं आणि वर्षभरात उमेदवारी आटोपती घेऊन त्याने आपला मित्र रॉबर्ट यंग याच्यासोबत स्वतंत्र काम सुरू केलं. गिल्पिनचं चित्र पाहिलंत तर पुढचा फिझ दिसतो: उधळलेला घोडा, तोल गेलेला स्वार, रस्त्यावरची पळापळ. घोडा त्याच्याइतका सहज काढणारा त्या पिढीत दुसरा सापडायचा नाही.

१८३६ च्या एप्रिलमध्ये डिकन्सच्या ‘पिकविक’ कादंबरीचा मूळ चित्रकार रॉबर्ट सीमोर याने आत्महत्या केली. बदली म्हणून घेतलेल्या बस नावाच्या चित्रकाराची चित्रं प्रकाशकांना पसंत पडली नाहीत. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला थॅकरेसुद्धा आपली चित्रं दाखवून रिकाम्या हातांनी परत गेला. काम मिळालं ते ब्राउनला, वय जेमतेम वीस-एकवीस. पहिल्या दोन चित्रांवर त्याने सही केली ‘नेमो’, लॅटिनमध्ये ‘कुणीच नाही’. नंतर डिकन्सच्या ‘बॉझ’ या टोपणनावाला जुळेल म्हणून ‘फिझ’. मासिक अंकांचा खप शेवटी चाळीस हजारांवर गेला.

स्वभावाने तो कमालीचा बुजरा. मेजवानीला गेलाच तर कोपरा किंवा पडद्याची आड शोधायचा. तरी सुरुवातीच्या वर्षांत दोघांचं मेतकूट होतं. १८३८ च्या जानेवारीअखेर ऐन बर्फात दोघे घोडागाडीने यॉर्कशरला गेले, कारण नको असलेल्या मुलांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवणाऱ्या तिथल्या स्वस्त वसतिशाळा डिकन्सला डोळ्यांनी पाहायच्या होत्या. त्यातून ‘निकोलस निकल्बी’तला स्क्वीअर्स मास्तर आला. त्या शाळांत पाठवलेल्या मुलांत अनौरस मुलं पुष्कळ असत. फिझ तिथे काय विचार करत उभा असेल, हा मोह मलाही होतो. पण चित्रांतली प्रत्येक पोरकी पोर म्हणजे त्याचं आत्मचरित्र, असं वाचू नका. ती पोरं डिकन्सची आहेत. फिझला लेखी सूचना येत आणि तो त्या पाळी.

आता कामाकडे वळतो, कारण तुमच्या प्रतीचं उत्तर त्यातच आहे. कादंबरी महिन्याला एक शिलिंगच्या अंकातून निघे: बत्तीस पानं मजकूर आणि दोन चित्रं. शेवटचा अंक जोडअंक, त्यात चार. वीस अंकांची चाळीस चित्रं होतात, म्हणून तुमचा ‘चाळीसएक’ आकडा बरोबर आहे. डिकन्स प्रसंग कळवी, बहुतेकदा प्रकरण छापून यायच्या आधीच. फिझ पेन्सिलीने कच्चं चित्र करी, ते मंजूर होऊन आलं की मेणाचा थर दिलेल्या पोलादी पत्र्यावर उतरवून सुईने काढी. सुईने मेण खरवडलं जातं, आम्ल फक्त तिथेच पत्रा खातं. आम्लाचं काम यंगकडे असे आणि त्याचं श्रेय त्याला फार कमी मिळालंय. फिकी रेघ हवी तिथे थोड्या वेळात वॉर्निश लावून आम्ल थांबवायचं, गडद हवी तिथे पुन्हा पुन्हा खाऊ द्यायचं. चित्रातला उजेड यंगच्या घड्याळावर ठरत होता, असं म्हटलं तरी चालेल.

खप इतका होता की एका पत्र्यावर भागत नसे, म्हणून फिझ तेच चित्र दुसऱ्या पत्र्यावर पुन्हा काढी. दोन्ही एकसारखी नसतात. कुठे कुत्र्याचं शेपूट वळतं, कुठे मागच्या माणसाची टोपी बदलते. त्यामुळे तुमच्या प्रतीतलं चित्र इंटरनेटवरच्या चित्राशी तंतोतंत जुळलं नाही तर नकली समजू नका.

‘डाँबी’ या कादंबरीच्या शेवटाकडे त्याने एक नवी युक्ती आणली. यंत्राने पत्र्यावर आधीच बारीक समांतर रेषांचं जाळं काढायचं आणि त्या करड्या अंधारातून उजेड मागे राखायचा. या ‘काळ्या पत्र्यां’चा कळस तुमच्या हातातल्या ‘ब्लीक हाउस’मध्ये आहे, तिथे अशी दहा चित्रं आहेत. टॉम-ऑल-अलोन्स नावाच्या पडक्या वस्तीची ओस गल्ली पाहा. माणूस एकही नाही, नुसत्या टेकू दिलेल्या भिंती. माझ्या मते फिझचं सगळ्यात मोठं काम हे, मजेदार पिकविक नव्हे. हे मत सगळ्यांना मान्य नाही.

आणि ‘ब्लीक हाउस’ची गोष्ट काय आहे? एका बड्या घरच्या बाईला लग्नाआधी एका कप्तानापासून झालेली मुलगी. मूल जन्मतःच गेलं असं आईला सांगितलेलं, प्रत्यक्षात मावशीने ते गुपचूप वाढवलेलं. कप्तान पुढे नाव लपवून कोर्टाच्या कागदांच्या नकला उतरवण्याच्या कामावर जगतो आणि मरतो. त्याचं टोपणनाव: नेमो. फिझची पहिली सही. डिकन्सला ब्राउन घराण्याचं गुपित ठाऊक होतं असा याचा अर्थ काढायला मी धजणार नाही. अनौरस मुलांच्या गोष्टी तेव्हाच्या कादंबऱ्यांत पदोपदी येतात आणि ‘नेमो’ हे लपणाऱ्याला सहज सुचणारं नाव आहे. पण ही चित्रं काढताना फिझला काहीच जाणवलं नसेल, हेही मला पटत नाही. त्याने एस्थरचा, म्हणजे त्या मुलीचा, चेहरा किती वेळा वळवलाय, झाकलाय ते मोजून पाहा. देवीच्या व्रणांचं कारण कथेत आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी पुरत नाही.

डिकन्सशी संबंध तुटले ते ‘अ टेल ऑफ टू सिटीज’नंतर, १८५९ मध्ये. मोठं भांडण झालं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला तसं दिसत नाही. त्याच वर्षी डिकन्स जुन्या प्रकाशकांशी फाटला होता आणि फिझ त्या प्रकाशकांच्या नव्या साप्ताहिकासाठी चित्रं काढत होता. १८६४ मध्ये ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’चं काम तरुण मार्कस स्टोनकडे गेलं. तेव्हा फिझने यंगला जे पत्र लिहिलं त्यात राग कमी आणि गोंधळ जास्त आहे: डिकन्सला जुन्या बाहुल्यांना नवा हात हवा असेल, किंवा मी दुसऱ्या कादंबरीकाराची, ट्रॉलपची, चित्रं काढतो हे रुचलं नसेल, असं तो अंदाज बांधतो. खरं कारण बहुधा साधं होतं. मिले हा चित्रकार आणि त्याच्या पिढीने पुस्तकातल्या चित्रांत खरी वाटणारी, वजनदार माणसं आणली होती, लाकडावरचं कोरीवकाम चलतीत होतं, आणि फिझची नाचरी, अतिशयोक्त रेषा जुनाट वाटू लागली होती. त्याला प्रत्येक पत्र्याचे ठरलेले पैसे मिळत, खपात हिस्सा नसे. चाळीस हजारांचा पिकविक त्याच्या म्हातारपणी कामी आला नाही.

१८४० मध्ये त्याने सुझॅना रेनल्ड्सशी लग्न केलं होतं. संसार मोठा होता. मागे पाच मुलगे आणि चार मुली राहिल्या. क्रॉयडनला, मग बॅन्स्टेडला, लंडनपासून जरा दूर, घोडेस्वारी करता येईल अशा जागी तो रमला. घर हलवताना त्याने पत्रांची होळी केली, त्यात डिकन्सची पत्रंही गेली. आज आपण त्याच्याबद्दल इतके चाचपडतो त्याचं एक कारण हे. १८६७ मध्ये अर्धांगाने त्याचा उजवा हात अधू झाला. तो सगळ्यांना संधिवात म्हणून सांगे. बोटांत ब्रश धरणं जमेना, तरी पूर्ण हाताच्या हालचालीने काढत राहिला, आणि त्या काळातली चित्रं पाहवत नाहीत इतकी थकलेली आहेत. १८७८ मध्ये रॉयल अकॅडमीने लहानसं वार्षिक मानधन दिलं. १८८० मध्ये ब्रायटनजवळ राहायला गेला आणि ८ जुलै १८८२ ला तिथे वारला. लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हमधल्या त्याच्या घरावर निळी पाटी आहे.

मुलांपैकी एडगर लिव्हरपूलला डोळ्यांचा डॉक्टर झाला. १९१३ साली त्याने वडिलांच्या आठवणी लिहिल्या. धाकट्या गॉर्डनने (१८५८–१९३२) वडिलांचा धंदा चालवला आणि तो तुम्ही नकळत पाहिलाही असेल: नट हेन्री अर्व्हिंगच्या नावाने निघालेल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीतली शेकडो चित्रं त्याची, ई. नेस्बिटच्या मुलांच्या गोष्टींतलीही त्याची. हात तयार, रेषा बापापेक्षा काटेकोर. वेडेपणा मात्र बापाचा नाही.

आता तुमची प्रत. चित्राचं पान उलटा. मागे कोरं असेल आणि कागद मजकुराच्या कागदापेक्षा जाड असेल तर पहिली पायरी ठीक. एक अपवाद: ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ आणि ‘बार्नबी रज’मधली चित्रं लाकडी ठशांची आहेत, ती मजकुरातच छापलेली आणि पाठीमागेही मजकूर असतो; तिथे हा नियम लावू नका. मग दिव्याखाली तिरकं धरून भिंगाने पाहा. एचिंगची शाई कागदावर किंचित उठलेली असते, गडद जागी बोटाला सुद्धा जाणवते. पत्र्याच्या कडेचा दाब काही पानांवर दिसेल, बरेचदा बांधणाऱ्याने कातरल्यामुळे दिसणार नाही, त्यावरून काही ठरवू नका. काळ्या पत्र्यांतल्या समांतर रेषा वेगवेगळ्या मोजता येत असतील तर छाप चांगली आणि लवकरची. सगळं मिळून करडं, सपाट दिसत असेल तर ती पोलादावरून दगडावर उतरवून काढलेली छाप किंवा नंतरची स्वस्त आवृत्ती असू शकते. ठिपके दिसले तर तो फोटोवरून केलेला छायायांत्रिक ब्लॉक, म्हणजे फिझच्या अखेरच्या काळातला किंवा त्यानंतरचा.

तपकिरी डाग जवळजवळ सगळ्या प्रतींत असतात, त्यांना घरी ब्लीच वगैरे लावू नका. आपल्या पावसाळ्यात पुस्तक भिंतीला टेकवून न ठेवता मोकळ्या हवेत, उभं ठेवलं तरी पुष्कळ. चित्रं कापून फ्रेम करायचा सल्ला कुणी देईल. दुकानदारांना तेच परवडतं, कारण चाळीस फ्रेमा एका पुस्तकापेक्षा जास्त पैसे देतात. पण अंकांतून एकत्र बांधलेली प्रत असेल तर मजकुराच्या पानांच्या आतल्या कडेला टाके घातल्याची जुनी बारीक भोकं सापडतात. ती सापडली तर त्या चित्रांना बांधणीतून हात लावू नका, आणि पहिल्या व शेवटच्या चित्राचे तिरक्या उजेडातले फोटो पाठवा. कोणत्या पत्र्याची छाप आहे ते त्यावरून सांगता येईल.